माझ्या फायलीवर आईचं नाव

गेल्या महिन्यात धामणगाव रेल्वेहून एकाचा फोन आला. त्याने नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बराच वेळ ऊन-पाऊस, कपाशी असं इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "दादा, तुमी इंजेक्शन कुठी घेता? पयले कुठी जा लागते?" त्याला सगळं सांगता सांगता तास गेला. असा फोन करणारा तो तिसरा. तेव्हा ठरवलं, एकदाचं लिहूनच काढावं. माझ्यापाशी ज्ञान नाही, अनुभव आहे, आणि त्यातही चुकाच जास्त. पण सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या चुका फार उपयोगी पडतात.

मी प्रफुल्ल. तिवशाजवळच्या एका खेड्यात आमचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. वडील गेल्यापासून आई आणि धाकटी बहीण पल्लवी तो सांभाळतात. मी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कपड्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. जन्मलो तेव्हा मुलगी म्हणून माझं बारसं झालं. आपण मुलगी नाही, हे मला शाळेतच कळलं होतं. ते तोंडाने म्हणायला पंचविशी उलटावी लागली. जुनं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांनी प्रेमानेच ठेवलं होतं, एवढं मात्र लिहितो.

मानसिकची खिडकी

आईला सांगितलं ते झेंडू तोडताना. तोंड समोरासमोर नसलं की अवघड गोष्ट जरा सोपी जाते. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. दोन सऱ्या झाल्यावर तिने विचारलं, "मंग याच्यावर दवा हाय काय?"

मी "हाय" म्हणालो. तिच्या मनात कोणती दवा होती आणि माझ्या मनात कोणती, हा घोळ मी मुद्दाम तसाच ठेवला. ही माझी पहिली लबाडी.

इंटरनेटवर वाचून एवढं कळलं होतं की हार्मोनचे उपचार सुरू करायला आधी मनोविकारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी डॉक्टरकडे जायची आमची ऐपत नव्हती. म्हणून एका बुधवारी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेलो, आई सोबत. आता आमच्याकडे एक रीत आहे. शुगरच्या रांगेत माणूस आपलं नाव, गाव, वर जावयाची नोकरीसुद्धा सांगतो. मानसिकच्या खिडकीवर मात्र कुणी खरं नाव सांगत नाही. कुणी चुलत्याचं गाव सांगतो, कुणी मेलेल्या माणसाचं नाव.

खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईने एका दमात स्वतःचं माहेरचं संपूर्ण नाव सांगून टाकलं, बापाच्या नावासकट. वय तेवढं माझं सांगितलं.

बाजूला आल्यावर मी विचारलं, "माय, हे काय केलं?"

"गप ऱ्हाय. पल्लवीचं अकोल्याले जमून राहिलं. तुह्यं नाव वेड्याईच्या वहीत गेलं त तिले कोन करन?"

"पर तुह्यं नाव काहून?"

"माहेरचं नाव आता कोनाच्या ध्यानात हाय? माह्याई नव्हतं, आत्ता आठोलं."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माझं जुनं नाव त्या कागदावर बघण्यापेक्षा आईचं नाव बघणं परवडलं. पुढे कधीतरी दुरुस्त करू, असं म्हणून मी केस पेपरची घडी घातली. ही दुसरी चूक, आणि ही मात्र पुरती अंगाशी आली.

सात नंबर

त्या विभागात खंडारे सिस्टर आहेत. आवाज खणखणीत, पण कुणाचं नाव मोठ्याने पुकारायचं नाही, हा त्यांनी स्वतःच घातलेला नियम. प्रत्येकाला नंबर. "सात नंबर, चला" एवढंच. भिंतीआड एक बाक त्यांनी टाकून ठेवला आहे; ज्याला रस्त्यावरून कुणी ओळखीचं बघेल अशी भीती आहे, त्याने तिथे बसायचं. कुणी शिकवलं त्यांना हे? विचारलं तर म्हणाल्या, "शिकोते काय कोनी? दिसते ना डोयानं."

आत डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी आधी आजार विचारला नाही. म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

एवढ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "प्रफुल्ल," मी म्हणालो. हे नाव मी आरशासमोर शंभरदा म्हटलं होतं, माणसासमोर पहिल्यांदा म्हणत होतो. त्यांनी ते कागदाच्या कडेला लिहिलं आणि म्हणाल्या, "बोला प्रफुल्ल."

मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. मॅडमच्या टेबलावर रुमाल वगैरे काही नव्हतं; खंडारे सिस्टरनी ड्रेसिंगच्या कापसाचा भलामोठा गोळा आणून हातात कोंबला. त्या कापसाचे धागे मिशी यावी तसे ओठावर चिकटले होते, हे मला घरी येऊन कळलं.

निदानाचा दिवस

मग दर दुसऱ्या बुधवारी मी जात राहिलो. कारखान्यात साप्ताहिक सुट्टी बदलून घ्यायची, तिवशाहून पहिली एसटी पकडायची, बाकावर बसून नंबराची वाट बघायची. मॅडम लहानपणापासूनचं सगळं विचारत. घाई केली नाही, उपदेश केला नाही. मध्ये रक्त तपासायला लावलं, सोनोग्राफी करायला लावली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर सगळ्या गरोदर बाया. तिथल्या बाईने सवयीने विचारलं, "कितवा महिना?" मग चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही चहा घेऊन या. सगळ्यात शेवटी घेते तुम्हाला, गर्दी गेल्यावर." तिचं नाव मला माहीत नाही. पण कधी देवापुढे हात जोडले तर ती आठवते.

निदान सांगायच्या दिवशी मॅडमनी आईलाही आत बोलावलं. "मावशी, हा वेडेपणा नाही. ह्यांचं मन एका तऱ्हेचं आणि शरीर दुसऱ्या तऱ्हेचं आहे. त्याचा त्यांना फार त्रास होतो आणि त्या त्रासावर उपचार आहे."

आई म्हणाली, "मंग मन बरं करा."

"मन बरंच आहे. शरीर मनाजोगं करायचं आहे."

आईला त्या क्षणी सगळं समजलं. मी ठेवलेला घोळ तिथे सुटला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. नंतर आठ दिवस बोलली नाही आणि दवाखान्यात यायचंही तिने बंद केलं. डबा मात्र रोज भरून दिला. त्यात ठेचा नेहमीपेक्षा जास्त असायचा. रागाने की मायेने, ते मी विचारलं नाही.

अकोल्याचे डॉक्टर

आठ महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आलं. पुढचे उपचार अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात होतील म्हणून मॅडमनी चिठ्ठी दिली. मी एकटाच गेलो, हवेत तरंगत.

तिथल्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र वाचलं, आधार कार्ड वाचलं, पुन्हा प्रमाणपत्र वाचलं. "हे नाव कुणाचं?"

"आईचं," मी म्हणालो. "माहेरचं."

त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे कागदाप्रमाणे पुरुष व्हायचंय ते तुमच्या आईला."

हसू त्यांनाही आवरेना, मलाही. पण हसून झाल्यावर ध्यानात आलं. तो कागद माझा नव्हता. आठ महिन्यांचे बुधवार, सगळं बोलणं, सगळं रडणं आईच्या माहेरच्या नावावर जमा झालं होतं. दुसऱ्या कुणी डॉक्टरने तिथेच हाकललं असतं. हे म्हणाले, "मीही एक खरं सांगतो. हे औषध या कारणासाठी मी आजवर कुणाला दिलेलं नाही. तुम्ही कागद दुरुस्त करून आणा, तोवर मी अभ्यास करतो, नागपूरच्या माझ्या सरांना विचारतो. दोघंही तयारीने भेटू."

मला येत नाही, असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. त्या माणसावर माझा विश्वास बसला तो तिथेच.

वानखडे काकांची खोली

दुसऱ्या बुधवारी अमरावतीत मॅडमपुढे कागद ठेवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "मी आठ महिने प्रफुल्ल, प्रफुल्ल करत राहिले. वरचं नाव एकदाही नीट वाचलं नाही हो." खंडारे सिस्टर म्हणाल्या, "अन् मी नंबर पुकारत राह्यली." दोघी स्वतःला बोल लावत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती. चूक आमची होती. ती लपली त्या दोघींच्या चांगुलपणामागे.

त्यात मॅडमनी आणखी एक सांगितलं. त्यांची इथली नेमणूक महिनाअखेर संपत होती. नवे डॉक्टर आले की त्यांना दुसऱ्याच्या नावाच्या फायलीवर सही करता येणार नाही. ते पहिल्यापासून तपासणार. म्हणजे पुन्हा सगळं तेच, आणखी वर्षभर. माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं, हे मी मॅडमना सांगितलं आणि इथेही सांगतो. त्या रात्री मनात येऊ नयेत ते विचार आले. सकाळी उठून पहिला फोन सिस्टरना केला. तुम्हालाही आले तर तेच करा, कुणाला तरी फोन करा.

सिस्टरनी मला रेकॉर्डरूममध्ये वानखडे काकांकडे पाठवलं. निवृत्तीला आलेला, नाकावर चष्मा घसरलेला माणूस. सगळी कथा ऐकून ते म्हणाले, "तुह्यासारखे इथी लय हायेत बापू. फरक एवढाच का ते दुरुस्त कराले येत नाईत." तीन दुपारी त्यांनी माझे सगळे केस पेपर आणि वहीतल्या नोंदी शोधून एकाखाली एक लावल्या. पहिल्या तपासणीच्या कागदावर मॅडमनी ओळखखूण लिहिली होती: डाव्या तर्जनीवर मशीनची सुई आरपार गेल्याचा व्रण. काकांनी माझं बोट धरून उजेडात पाहिलं आणि जणू लॉटरी लागावी तसे खूश झाले.

"झालं. आता एकच राह्यलं. ज्यानं नाव सांगतलं, त्यानंच येऊन लिहून द्या लागते का ते खोटं होतं अन् काहून सांगतलं. तुह्या मायले घेऊन ये."

घरी

पल्लवीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात. मुलगा अकोल्याचा, माणसं चांगली. मला त्यांच्यासमोर मोठी बहीण म्हणून उभं केलं होतं. साडी नेसलो नाही, ड्रेसवर भागवलं.

मी आईला काकांचा निरोप सांगितला. ती भाजी निवडत होती. "साक्षगंध होऊ दे. मंग येतो."

"तवापर्यंत मॅडम जाईन."

"मी काय करू मंग? सायबाच्या पुढं लिहून देऊ का माह्यी पोरगी अशी हाय? अकोल्याले गेली बात म्हंजे?"

मी उठलो. तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. एका लेकराचं हातातोंडाशी आलेलं दुसऱ्यासाठी पणाला लावायचं, हे कोणत्या आईला जमेल? पण पल्लवी दारात उभी होती आणि ती माझ्यासारखी गुळमुळीत बोलत नाही.

"माय, उन्हायात हा छातीले कपडा आवयून बांधून मशीनवर बसते. तू पाह्यली काय त्याची पाठ? मी पाह्यली. घामोया फुटून सडते कातडं. मी दवा लावून देतो रोज." मग जरा थांबून म्हणाली, "त्याईनं नाई म्हटलं त नाई म्हटलं. माह्यं नाव पुढं करून याले बसवू नोको घरी."

आई माझ्याकडे बघत राहिली. "दाखव," म्हणाली. मी शर्ट वर केला. तिने पाठीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तो तसाच होता.

सकाळी मी उठलो तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. "एसटी किती वाजता हाय?" एवढंच विचारलं.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या, म्हणजे अधीक्षकांच्या, खोलीत तिने सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. चौथी शिकलेली बाई, एका पानाला तासभर लागला. कुणी घाई केली नाही. मॅडम दोनदा येऊन डोकावून गेल्या. शेवटी तिला दोन सह्या कराव्या लागल्या, एक माहेरच्या नावाची, एक सासरच्या. साहेबांनी शिक्का मारल्यावर वानखडे काका म्हणाले, "चला बाई, आठ महिन्याच्या इलाजानं तुमी बऱ्या झाल्या." त्या दवाखान्यात आई हसली ती पहिल्यांदा.

मॅडमनी जायच्या तीन दिवस आधी नवीन प्रमाणपत्रावर सही केली. आधारवरचं नाव आणि पुढे, उर्फ प्रफुल्ल. जाताना मी त्यांना आमच्या मळ्यातली शेवंती दिली. त्यांनी ती फुलं केस पेपरच्या ढिगावर ठेवली आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितला.

अकोल्याची रांग

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आई आपणहून सोबत निघाली. मी नको म्हटलं. साक्षगंध चार दिवसांवर होतं आणि गाव अकोला. "सुई टोचताना कोनी पाह्यजे," ती म्हणाली.

केस पेपरच्या खिडकीपुढे दोन रांगा होत्या, बायकांची आणि पुरुषांची. सवयीने मी आईमागे बायकांच्या रांगेत उभा राहिलो. तेवढ्यात पुढून एक बाई वळली. पल्लवीची होणारी सासू. हातात बीपीच्या गोळ्यांची पिशवी.

आता आई म्हणणार, पोट दुखते, नाहीतर डोळे दाखवायला आलो. मी मनातल्या मनात तिला माफही करून टाकलं.

"अवं, तुमी इथी? तब्बेत बरी हाय ना?" बाईंनी विचारलं.

आईने पदर नीट केला. "मी बरी हावो. माह्या पोराचं नाव लिवाले आली." आणि माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. "हे पोरगं. आमी पोरगीच समजत होतो आतापर्यंत. त्याचा इलाज हाय इथी. पल्लवीचं जमाच्या आधीच तुमाले सांगा लागत होतं, मीच भेली."

रांगेतल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. केस पाहिले, शर्ट पाहिला, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. आईचा हात माझ्या दंडावर घट्ट होता, बोटं रुतत होती.

"मंग त्याले बायाईच्या लाईनीत काहून उभं केलं?" बाई म्हणाल्या. "माणसाईची लाईन तिकडं हाय, अन् लहान हाय. जा बापू. तुह्या मायपाशी मी थांबतो."

आईने हात सोडला. मी त्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे चौघेच होते.